राहीबाई सायकलवर बसली

लढाई संपली आणि आकाराम पलटणीतून कुंडलला परत आला, तो सायकल घेऊनच. गावभर मिरवायचा त्याचा बेत होता. पण पहिल्याच दिवशी चावडीपुढं असा आपटला, की संध्याकाळी सायकल गोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको राहीबाई रानात भाकरी घेऊन निघाली आणि गोठ्यापाशी थबकली. पाटी डोक्यावर घ्यावी, की सायकलच्या दांड्याला अडकवावं गठुळं? तिनं अडकवलं आणि सायकल ढकलत नेली. एवढंच. बसायचं मनातही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वाटलं, पायडलवर एक पाय ठेवून बघावा. ठेवला. सायकल चार हात घरंगळली आणि राहीबाईच्या पोटात गुदगुल्या झाल्या. मग रोज पाटी की सायकल हा विचार व्हायचा, आणि पाय रोज गोठ्याकडंच वळायचे. गुडघे सोलायचे, भाकरीबरोबरचं कोरड्यास सांडायचं.

"आजबी मातीलाच जेवू घातलंस व्हय?" नुसती भाकरी चावत आकाराम विचारायचा.

"उद्या न्हाई सांडायचं," ती म्हणायची. उद्या पुन्हा कासोटा आवळून तयार.

महिन्याभरानं ओढ्याच्या उतारावर ती चक्क सीटवर बसली. वारं कानात शिरलं, पदर उडाला. थांबायचं कसं, ते मात्र शिकायचं राहिलं होतं! पुढं धुळा धनगराची मेंढरं. "सरका रं, सरका!" मेंढरं दोन्हीकडं पांगली, मधनं राहीबाई सुसाट, ती थेट आकारामच्या उसात.

तो धावत आला. पाचटात बसून ती पोट धरून हसत होती.

"लागलं का गं?"

"आवं, बसले हुते मी! बगितलंसा का?"

तोही तिथंच मटकन बसला आणि हसत सुटला.

पुढं, एरवी चारचौघांत मान वर न करणारी राहीबाई घंटी वाजवत चावडीवरनं जाऊ लागली. कुणाची सून अडली, की सुईणीला आणायला तिलाच हाक यायची. सुनेच्या सायकलपायी महिनाभर अबोला धरलेली सासू भामाबाई एका बाजारच्या दिवशी गुपचूप येऊन मागच्या क्यारेजवर बसली. पलूसच्या रस्त्यावर डोळे गच्च मिटून, सुनेच्या पाठीवर थापा मारत म्हातारी ओरडत होती, "आनि जोरात, पोरी! लय झ्याक वाटतंय!"