पिवळे हात
वसमतकडं हळद शिजायला लागली की त्या वाफेच्या वासानं मला माझी पहिली कथा आठवते. नायिकेचं ठरलेलं लग्न मोडतं, तिथं मी दोन पानं नुसती रडारड लिहिली होती. ताईचंही लग्न त्याच साली मोडलेलं. शिजलेली हळद वाळत घालणाऱ्या ताईला मी ती पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "रडायला सवड कुठं व्हती? हळद चालू व्हती. घासून घासूनबी हात पिवळेच. अन् बाया मायला इचारायच्या, पोरीचे हात पिवळे कवा करता?" मी तशीच घरात धावले. रडारड सगळी खोडली आणि फक्त ते हात लिहिले. वाचून ताईनं एवढंच विचारलं, "हिचं पुढं काय झालं?" तो वास आला की मी अजून ते पुढचंच लिहायला धावते.