स्टुलावर बसणारे आमचे हे

आमचे हे आयुष्यभर बस चालवत होते, आणि घरी आले तरी पायाला भिंगरी. जेवता जेवता उठून नळ बंद आहे का बघतील, बसल्या बसल्या खुर्चीचे स्क्रू पिळतील. निवृत्त झाल्यावर तर विचारू नका. शेवटी मीच म्हटलं, "अहो, मला जरा दम खाऊ द्या. बाहेर चक्कर मारून या."

गेले ते थेट जुन्या डेपोकडे. डेपो कधीच मोडला होता, आता तिथे नव्या चित्रकलेचं दालन झालं होतं. शनिवारी तिथे लोकांसाठी फुकट काही ना काही चालू असतं: कधी भाषण, कधी मातीकाम, कधी नुसत्याच टाळ्या. हे आत गेले ते आपली बस उभी राहायची तिथे आता काय आहे बघायला. तर तिथे होतं एक स्टूल, वर दिवा, भोवती गोल खुर्च्या. ह्यांच्या बुटाची नाडी सुटलेली. बसले स्टुलावर. नाडी बांधून मान वर करतात, तर चारी बाजूंनी माणसं कागदावर पेन्सिली चालवतायत! चित्र काढण्यासाठी ज्याला बसवायचं ठरलं होतं तो आलाच नव्हता, आणि शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, हेच ते. दुसरा कोणी असता तर पळाला असता. हे वर्ग संपेपर्यंत हलले नाहीत. सिग्नल मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, हा जन्मभराचा नियम.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. "नुसतं बसायचं? ह्यात डोंबलाची कला?"

"अगं, इतकी वर्षं लोकांनी माझी पाठच पाहिली," हे म्हणाले. "तिथे तोंडाकडे बघतात."

"मी बघत होते की!"

"तू घड्याळाकडे बघत होतीस."



मग दर शनिवारी हेच. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर. मधल्या सुट्टीत उठण्याआधी बाई ह्यांच्या पावलांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या, म्हणजे परत येऊन नेमकं तसंच बसता यावं. ह्यांना खुणांची गरजच नाही म्हणे. वर्गात नाव पडलं 'खांब'. ह्यांना त्याचा केवढा अभिमान! घरी गॅससमोर खुर्ची टाकून सराव करायचे, आणि मी समजत होते, रुसलेत.

हळूहळू ह्यांनी चहा अर्धा कप मागायला सुरुवात केली. मग शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घ्यायला लागले. मी म्हटलं, आता लाड सुरू झाले म्हाताऱ्याचे. चार शब्द सुनावलेही.

पुढे वर्गाच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि घरच्यांना बोलावणं आलं. हे म्हणाले, "तू कशाला तंगडतोड करतेस?" म्हटल्यावर मी जाणारच. ह्यांना न सांगताच गेले.

भिंतभर आमचे हे! समोरून, बाजूने, एकात तर फक्त नाक. नाक सगळ्यांना छान जमलं होतं, आहेच तेवढं. मी ऐटीत एकेक बघत चालले. पहिल्या भिंतीवर दोन्ही हात नीट होते, बोटातली अंगठीसुद्धा. पुढच्या भिंतीवर उजव्या हाताला दोन-दोन रेघा दिसायला लागल्या. त्यापुढे तर रेघांचा गुंताच. कोणी खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडलं होतं. कोणी तो हात खिशात घातला होता. एकाने बाहीच्या टोकाशी चित्र सोडून दिलं होतं.

मला अर्धा कप चहा आठवला, आणि मी तिथल्या बाकावर बसले. कीव आली नाही, खोटं कशाला बोलू? संताप आला. अख्ख्या वर्गाला माहीत, आणि एका घरात राहून मला पत्ता नाही!

घरी येऊन म्हटलं, "हात दाखवा." ह्यांनी दाखवला. थरथरत होता.

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

खरंच बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. हे दुखणं आता जायचं नाही, गोळ्यांनी थोडं आवरेल, एवढंच ते म्हणाले. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "बाईंनी दुसरा माणूस बघितलाय. पुढच्या शनिवारपासून तो बसेल." बस हातातून गेली तेव्हाही मी ह्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

मी तडक बाईंना गाठलं. "दोघांना बसवता येतं का हो?"

"येतं की. दुसरं कोण?"

"मी. हात मी धरते."

ह्यांना सांगितलं तर कानापर्यंत लाल झाले. लग्न झाल्यापासून रस्त्यात चार पावलं पुढे चालणारा माणूस! "लोकांत हात धरायचा? ह्या वयात?"

"मग बसा घरी, गॅससमोर."

शनिवारी दोन स्टुलं मांडली. बाईंनी ह्यांची पावलं आधी नीट लावली, मग माझी. मी ह्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि वर माझा ठेवला. दिवा लागला, पेन्सिली सुरू झाल्या. देवा रे, केवढी ती माणसं आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर! नाकाला खाज सुटली, मान अवघडली. हलायचं नाही, खाली बघायचं नाही. आणि हात तर जाणवत होता, थरथरतच होता. मला रडूच फुटणार होतं.

"अहो," मी पुटपुटले, "थांबत नाहीये."

हे समोर बघत, ओठ न हलवता म्हणाले, "तो तुझा आहे."

आणि मेलं खरंच, माझाच होता.