आखूड भुवई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पोरीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तरी तेवढ्यापुरतं मन दुसरीकडे वळवते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

गोष्ट एका बाहुलीची आहे. हसू आलं ना? येऊ दे. बाहुलीपायी कुणी एवढं मनाला लावून घेतं का, असं मीसुद्धा स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. आम्ही सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि मी कुपवाडला एका लहानशा कारखान्यात बाहुल्यांची तोंडं रंगवायचे. लोक रबरी बाहुली म्हणायचे, मालक व्हिनाइल म्हणायचे. साच्यातून डोकी गरम असतानाच पकडीनं ओढून काढायची. आमच्या टेबलावर यायची तेव्हा त्यांना नाक, ओठ, कान सगळं असायचं, पण चेहरा नसायचा. तो आम्ही बायका द्यायचो. दोन सारख्या कमानदार भुवया, गोल डोळे, लाल ओठ, गुलाबी गाल. सगळ्यांना एकच. गिऱ्हाइकाला ओळखीचं तोंड लागतं, असं मालकांचं म्हणणं.

आता आक्कांचं सांगते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर मिलिटरीत, कधी सुट्टी मिळाली तर घरी. आक्का साताऱ्यात एकट्या. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना मुलगी झाली — चिमी. त्यांच्या बाळंतपणाला मीच गेले होते. चिमीला मीच न्हाऊ घालायचे, मीच तीट लावायचे. आणि तीन महिन्यांचीही झाली नव्हती, तेव्हा ती तापानं गेली.

फोटो एकही नाही. सासूबाईंचा दंडकच होता — वर्षाच्या आत लेकराचा फोटो काढला की दृष्ट लागते. दृष्ट लागायची ती लागलीच, फोटो मात्र काढायचा राहून गेला.

आक्का तेव्हा बोलायच्याच बंद झाल्या. मला काय करावं कळेना. मला दुसरं येत तरी काय होतं? कारखान्यातून एक कोरं डोकं, दोन हात, दोन पाय मागून आणले. जुन्या साडीचं अंग शिवलं, कापूस भरला, बाळाच्या वजनाचं लागावं म्हणून आत थोडे गहू घातले. आणि चेहरा कारखान्याचा नाही दिला, चिमीचा दिला. किंचित जवळ आलेले डोळे. वरच्या ओठावर दूध पिऊन पिऊन आलेला बारीक फोड. आणि एक भुवई अर्ध्यातच संपलेली, देवानं घाईत सोडून दिल्यासारखी. साताऱ्याला नेऊन दिली तेव्हा आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, पदरात घेतली आणि इतके दिवस अडकलेलं रडू एकदाचं बाहेर पडलं. मला वाटलं, जन्मात एक तरी चांगलं काम झालं हातून.

तेवढ्यावर थांबले असते तर?

त्या बाहुलीला आक्का रोज खोबरेल लावायच्या, पुसायच्या, तीट लावून दुपट्यात गुंडाळायच्या. लोक डोक्याला बोट लावून खुणा करायचे. मी करणाऱ्यांतली नव्हते — पण गप्प बसणाऱ्यांतली होते.

मग मला दिवस गेले. माझं माहेर विट्याकडचं. आई नाही, भाऊ सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात लांब परमुलखात. बाळंतपणाला कोण येणार? आक्का आल्या. पिशवीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आणि दुपट्यात ती. मला मुलगी झाली. आक्कांनी माझं जे केलं ते सख्ख्या आईनंही केलं नसतं. शेक, धुरी, मालीश, पोरीची आंघोळ — कशात म्हणून कसूर नाही.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. घुगऱ्यांचं पातेलं उतरवलेलं, वरवंटा सजवून ठेवलेला, पाळण्याला फुलं बांधलेली. मी आत पोरीला झबलं घालत होते. बाहेर शेजारची पोरं पाळण्याला झोके द्यायला लागली आणि आक्कांचा आवाज आला, "आरं, रिकामा पाळणा हलवू न्हाई रं! थांबा." रिकामा पाळणा हलवला की लेकराला वाईट, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागतं? पाळणा रिकामा राहू नये म्हणून आक्कांनी हाताशी होतं ते त्यात ठेवलं.

मी पोरीला घेऊन बाहेर आले, पाळण्यात वाकले — आणि आत चिमी.

बायका हसल्या. त्यांच्या लेखी बाहुलीच ती. तो चेहरा कुणाचा, हे त्या घरात दोघींनाच ठाऊक होतं. मीसुद्धा हसले. बाहुली उचलून आक्कांच्या हातात दिली, पोरीला त्या जागी ठेवलं, पाळणा म्हटला. पण माझ्या लेकीच्या पाळण्यात तिच्याआधी मेलेलं लेकरू निजलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. आक्कांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांनी माझ्या पोरीचं वाईट टळावं म्हणूनच केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पोर तापली.

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. औषध लिहून दिलं. ते आणायला आक्काच गेल्या, भर उन्हात, अनवाणी — चप्पल शोधायलाही थांबल्या नाहीत. त्या दाराबाहेर पडल्या आणि मी कपाटामागून थिनरची बाटली काढली.

व्हिनाइलवरचा रंग पुसताना घासायचं नसतं. फडकं जरासं ओलं करून एकाच दिशेनं हलकेच ओढायचं, नाहीतर गाल चिकट होतात. मी तसंच केलं, नीट केलं. आधी ओठ गेले, मग डोळे. भुवया शेवटी. कोरं डोकं हातात आलं आणि त्यावर मी कारखान्याचा चेहरा काढला. सवयीचा हात, कितीसा वेळ लागतो?

आक्का औषध घेऊन आल्या. पोरीला स्वतःच्या हातानं पाजलं. मग हातपाय धुऊन दुपटं उलगडलं.

"शोभा, हिचं तोंड कुठं गेलं गं?"

काय सांगायला हवं होतं? खरं ते. मी म्हणाले, रंग निघाला होता आक्का, तेलानं. डोळे पार ओघळले होते, बघवेना, म्हणून नवा दिला.

खोबरेलानं तो रंग निघत नाही. वर्षानुवर्षं चोळलं तरी नाही. आमच्या टेबलावरच्या कुठल्याही बाईला हे माहीत होतं. आक्कांना नव्हतं. त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजी मीच पुसली व्हय तिला?"

मी त्यांना तसंच समजू दिलं. अजून सांगायचं ते यापुढचंच आहे.

संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "परत तसंच काढ की गं. तूच काढलं हुतंस न्हवं?" मी म्हणाले, मला आता आठवत नाही. मग त्या आठवायला लागल्या — डोळे असे, ओठ असा, आणि भुवई... "कुठली गं आखूड हुती? डावी का उजवी?" आईला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी म्हटलं, नाही बाई लक्षात.

पोरीचा ताप उतरला. औषधानं उतरला, मी केलेल्या कशानं नाही. महिना सरला तशा आक्का साताऱ्याला गेल्या. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बाहुली कपाटावर होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या तिला हात लावत नव्हत्या. आल्यागेल्याला सांगायच्या, माज्याच हातानं माज्या लेकराचं तोंड पुसलं मी. मी शेजारी बसून चहा प्यायचे.

तेव्हा तरी काय अडचण होती? पोर धडधाकट होती, बाहुली सांगलीपासून लांब. एक ब्रश आणि एक दुपार, एवढंच लागलं असतं. पण आठवलं म्हटलं तर आधी का नाही, हा प्रश्न आला असता. खाई त्याला खवखवे. आक्कांनी तो विचारलाही नसता, त्या नुसत्या हरखल्या असत्या. मी मात्र स्वतःला सांभाळलं.

दर दिवाळीला त्या विचारायच्या, "आठवलं का गं?" मी नाही म्हणून मान हलवायचे. पुढं त्यांनी विचारायचं सोडलं.

आक्का गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. बाहुली त्यांच्यामागून कुठं गेली, मी विचारलं नाही. पोर तिच्या संसारात आहे, हेही आता नाहीत. घरात दिवसभर बोलायला कुणी नसतं. दुपारी ताटात उरलेल्या आमटीत बोट बुडवून मी कधीकधी एक तोंड काढते. दोन जवळ आलेले डोळे, ओठ, त्यावरचा फोड. सगळं जमतं. कधीच चुकत नाही.

डावी, आक्का. डावी भुवई आखूड होती.