इडाच्या पाळण्याचं नाणं

माझे सासरे ऑर्व्हल स्ट्रिबलिंग अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या आमच्या डोंगराळ गावात शिकाऱ्यांना बंदूक जपून वापरायला शिकवतात. त्यांच्या वर्गाला बसल्याशिवाय इथल्या पोरांना हरणाच्या शिकारीचा परवाना मिळत नाही. "कडक वस्तूवर गोळी झाडू नका. ती माघारी येते, आणि विचारून येत नाही," हे त्यांचं वाक्य गावाला तोंडपाठ आहे.

रविवारी चर्चहून येऊन तळलेली कोंबडी पोटात गेली, की हेच गृहस्थ गोठ्यामागे नाण्यांवर नेम धरतात.

"बाबा, नाणं कडक नसतं का हो?" मी एकदा विचारलं.

"सूनबाई, ते ज्यांचा नेम चुकतो त्यांच्यासाठी."

घराण्याची रीत अशी, की बाळ जन्मलं की आजोबांनी त्या सालच्या नाण्याला गोळीनं भोक पाडायचं आणि ते पाळण्याला बांधायचं. त्या वेळी थोरल्या नातवंडानं शेजारी उभं राहून गोळ्या द्यायच्या. यंदा माझी धाकटी इडा जन्मली, म्हणजे गोळ्या द्यायचा मान थोरल्या मेरिनचा. मला आठवडाभर झोप नव्हती. मेरिनचे डोळे मोठे आहेत. त्या दिवसांत मला ते फारच मोठे दिसायला लागले.

गोठ्यामागे गेले तर ओंडक्याच्या चिरेत नाणं उभं, आणि त्याच्यामागे नांगराचा जुना पोलादी फाळ.

"हे काय?"

"दर वेळी नाणं उडून गवतात हरवतं. आता कुठं जाईल?"

मी बाबांच्या वर्गाच्या पेटीतला डोळे जपायचा जाड चष्मा काढून मेरिनच्या डोळ्यांवर चढवला.

"अगं, पोरीला बेडूक करून टाकलंस!" सासूबाई हसल्या.

"आई, सगळे बघतायत ना!" मेरिन कुरकुरली.

"बघू देत. काढलास तर घरात चल."

बाबांचा नेम चुकला. गोळी फाळावर आपटली, टणकन आवाज झाला आणि मेरिन खाली बसली. मी धावले. चष्म्याच्या काचेवर, उजव्या बुबुळाच्या नेमकं समोर, पांढरा ओरखडा होता. पोरीला काहीच झालं नव्हतं.

बाबांनी काचेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "चांगली काच आहे."

"बाबा, घरात ड्रिल आहे."

संध्याकाळी गोठ्यातून घरघर ऐकू आली.

इडाच्या पाळण्याला आता नाणं आहे, भोक अगदी मधोमध. घराण्यातल्या कुठल्याच नाण्याला इतकं मधोमध भोक नाही. बाळ बघायला येणाऱ्यांना बाबा सांगतात, "ओंडक्यापासून पार कुंपणाजवळ उभा होतो, वाराही होता. एकाच गोळीत!"

"खरंच?" लोक माझ्याकडे बघतात.

"वारा होताच," मी म्हणते आणि त्यांना कॉफी ओतते.