विश्रामशेटनी दुकान वाढवलं

नौपाड्यातल्या विश्रामशेट शेट्यांना दोन गोष्टींची मनापासून किळस होती. एक, ओल्या हाताने गुळाला शिवणारं माणूस, आणि दुसरी, झाकून विकलेला माल. रवा मागितला की ते मूठभर रवा कागदावर घालून म्हणत, "पायरीवर जा, उन्हात बघा, मग बांधतो." आत दुकान काळोखं, मिरच्यांचा ठसका, आढ्याला जळमटं. पण त्या उन्हातल्या पायरीवर आळीचा विश्वास होता.

मग कोपऱ्यावर नवं दुकान निघालं, नळीच्या दिव्यांचं. गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. मुंबईत कापडदुकानात काम करून आलेला मुलगा आनंद एका संध्याकाळी म्हणाला, "अण्णा, आता दुकान वाढवू या."

विश्रामशेट उठले आणि दाराच्या फळ्या लावायला लागले. 'दुकान बंद करा' असं अभद्र कुठलाच वाणी बोलत नाही, तो 'वाढवा' म्हणतो.

"अहो, मिटायचं नाही! मोठं करायचं म्हणतोय!"

"मग तसं बोल की मेल्या! दिवेलागणीला वाढव म्हणतो!"

आनंदने गणपतीची आरास करावी तसं दुकान सजवलं. भिंती गुलाबी, त्यांवर आरसे. हळद आणि तूरडाळीवर पिवळा जिलेटीनचा कागद गुंडाळलेला दिवा, मसुरीवर लाल, रव्यावर पांढरी नळी. दारात, पायरी अडवून, काचेचं कपाट. लक्ष्मीपुढची समई काढून तिथे लाल बल्ब लावला.

"समईने काजळी धरते, अण्णा."

विश्रामशेटनी आरशांकडे पाठ केली. "हे वाण्याचं दुकान आहे की तमाशाचा तंबू?"

पण गिऱ्हाईक परतलं. बायका म्हणायच्या, "अगंबाई, हळद बघा, नुसतं सोनं!" विश्रामशेट तोंड वाकडं करून वजन करत राहिले. उन्हात बघा म्हणायला आता पायरीच नव्हती, आणि कुणी विचारतही नव्हतं. पोटासाठी आपण गप्प बसतोय, याचीही त्यांना शिसारी यायची.

पौर्णिमेच्या सकाळी आळीतल्या वासंतीवहिनी रव्याची परात घेऊनच आल्या. त्यांच्याकडे सत्यनारायण होता.

"विश्रामशेट, हात पुढे करा."

त्यांनी मूठभर रवा शेटच्या तळहातावर ओतला. नळीखाली तो दुधासारखा दिसत होता. पण तळहातावर काहीतरी वळवळलं. शेट कपाटाला वळसा घालून रस्त्यावर उन्हात आले. अळ्या! पांढऱ्या, बारीक, जाळी धरून गोळे झालेल्या.

"कढईत तूप तापलं होतं," वहिनी म्हणाल्या. "भटजी पाटावर बसलेले. देवाच्या प्रसादाचा रवा हो हा!"

"वहिनी, मी स्वतः मोजून दिला..."

"तेच तर! दुसऱ्याने दिला असता, तर मी आधी चाळला असता."

विश्रामशेट तडक आत गेले. रव्याचं पोतं त्यांनी रस्त्यावर ओढलं.

आनंद धावला. "अण्णा, मागच्या दारी चाळू. लोक बघताहेत. नाव जाईल!"

"नाव गेलंय. आता घाण तरी जाऊ दे."

त्यांनी चादरीवर पोतं उलटं केलं. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "शी! हे आम्ही खाल्लं?" शेटनी मान वर केली नाही. "खाल्लंत. मीच दिलं," एवढंच म्हणाले. सगळा रवा उकिरड्यात गेला. पुन्हा पुन्हा राखेने हात घासले, तरी तळहाताची वळवळ जाईना.

संध्याकाळी आत लाल-पिवळे दिवे जळत होते आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. शेटनी बल्ब काढून लक्ष्मीपुढे समई लावली, हात जोडले.

"आनंद, दुकान वाढव."

आनंद घुटमळला. "म्हणजे... कुठलं, अण्णा?"

"फळ्यांचं. आणि सकाळी ते कपाट पायरीवर दिसता कामा नये."

गिऱ्हाईक परत यायला फार दिवस लागले. काही आलंच नाही. वासंतीवहिनी मात्र वर्षाने सत्यनारायणाला बोलवायला आल्या. विश्रामशेट गेले, प्रसादाचा द्रोण घेतला, आणि सगळ्यांच्या देखत उठून दारात उन्हात गेले. शिरा बोटाने पसरून बघितला.

"बघा, बघा," वहिनी म्हणाल्या. "रवा तुमच्याकडचाच आहे."

मगच त्यांनी घास तोंडात घातला. पुढे जन्मभर ही खोड गेली नाही.