आडवी टाकलेली जाळी

दिवलीबाईच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात कुणाला कुडाचं घर बांधायचं असलं की आधी तिला हाक. बांबू कसा विणायचा, शेणमाती किती जाड लिंपायची, हे तिनं सांगावं आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं करावं. तुझं चुकलं, असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण, बाबा!

गेल्या हिवाळ्यात जमीन दोन-तीनदा हलली. तिच्या घरामागच्या उतारावरून माती घसरून थेट भिंतीला टेकली, आणि सून रविना तान्ह्या पोराला घेऊन माहेरी गेली. "त्या उताराखाली मी लेकरू निजवणार नाही," एवढंच बोलली. मुलगाही तिच्यामागे गेला. घर खायला उठलं. एकटीसाठी चूल पेटवणं दिवलीबाईच्या जिवावर यायचं.

उन्हाळ्यात एका संस्थेनं त्या उताराला मातीची भिंत घालायला घेतली, तेव्हा तिनं लाह बोलावली. लाह म्हणजे साऱ्या पाड्यानं एकाच्या कामाला लागायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. संस्थेच्या इंजिनिअर प्रतिभानं रीत समजावली: मातीचा थर, त्यावर प्लास्टिकची जाड जाळी, पुन्हा माती, आणि धुम्मसानं ठोकून घट्ट करायचं. मग तिला कामासाठी नंदुरबारला जावं लागलं.

"तू जा बाई. आम्ही काय पहिल्यांदा बांधतोय?" दिवलीबाई म्हणाली.

कुडाला बांबू आडवे बांधतात. म्हणून तिनं जाळीही या नव्या भिंतीच्या लांबीनं आडवी उलगडली. शेजारचा रेवजी म्हणाला, "मॅडमला येऊ दे की." तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गपगुमान माती ओढायला लागला.

परतल्यावर प्रतिभानं वरच्या थराआधी जाळीचा एक तुकडा तिच्या हातात दिला. "ओढून बघा." एका बाजूनं तो हलेना. दुसऱ्या बाजूनं ओढला तर सैल ताणला गेला.

"जमीन हलली की माती बाहेर सरकते," प्रतिभा म्हणाली. "हे मजबूत धागे डोंगरात आत गेले तरच तिला धरून ठेवतात. खालच्या थरांतली जाळी अशीच, डोंगरात आत टाकलीत ना?"

"हो," दिवलीबाई म्हणाली. सारा पाडा ऐकत होता ना.

दुपारी रविना आली. काम होत आल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. आजीला बघून पोरानं हात पसरले. त्याला उराशी घ्यावं म्हणून दिवलीबाईचा जीव तुटत होता, पण ती दारात आडवी उभी राहिली.

"आत येऊ नको," ती म्हणाली. "खालची सगळी जाळी मी चुकीची टाकली. मॅडमशी खोटंही बोलले."

धुम्मस थांबले. प्रतिभानं कपाळाला हात लावला. "सगळं उकरावं लागेल, दिवलीबाई."

"उकरू. लाह पुन्हा बोलावते. हसतील लोक, हसू देत." मग ती सुनेला म्हणाली, "तू माघारी जा, पोरी."

रविनानं उताराकडे बघितलं. "तू बोलली नसतीस, तर मी आज इथंच निजले असते ना, आई?"

"निजली असतीस."

रविनानं पोराला सावरलं. "मग नीट बांध. मला ना मॅडमनं सांगायचं, ना तुझ्या पोरानं. तू ये म्हणशील, त्या दिवशी येईन."

दिवलीबाई सगळ्यांसमोर रडली आणि फावडं उचलायला गेली.