रिकामा डबा आणि मॉड्युलर किचन

आमचं स्वयंपाकघर आम्ही कर्ज काढून केलं आणि ते कर्ज फेडण्यासाठी बंद ठेवलं.

म्हणजे कुलूप नव्हतं लावलं. पण गुडगावच्या फ्लॅटचं एक कर्ज डोक्यावर होतंच, त्यात या मॉड्युलर किचनचं दुसरं. दोन्ही हप्ते गेले की आम्ही स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे जपून वागायचो. शेवटी मंजिरीनं (माझी बायको, घरची अर्थमंत्रीही तीच) काटकसरीची मोहीम काढली. स्वयंपाकाची बाई बंद, गाडी बंद, बाहेरचं खाणं बंद. ती स्वतः आयटीत, दहा तास लॅपटॉपला चिकटलेली. मी मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, बारा तास. मग रांधणार कोण?

"तुमच्या कंपनीत आठनंतर थांबलं की जेवण फुकट असतं ना रे?" तिनं विचारलं.

"असतं."

"किती देतात?"

"पोटभर."

"कोणाच्या पोटभर?"

प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात आला आणि दुसऱ्या दिवसापासून घरून रिकामा डबा न्यायला आणि कंपनीतून भरलेला आणायला लागलो! चार कप्प्यांचा, स्टीलचा, लग्नातला. अडचण एकच होती. कँटीनच्या दारावर नोटीस होती : 'जेवण बाहेर नेण्यास सक्त मनाई. आढळल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल.' खाली सही गजभिये साहेबांची, म्हणजे आमच्या प्लँट हेडची. नोकरी गेली असती तर दोन्ही कर्जांसकट आम्ही रस्त्यावर आलो असतो. ती नोटीस मी रोज वाचायचो आणि रोज घाबरायचो.

रिकामा डबा वाजतो, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. कंपनीच्या बसमध्ये. प्रत्येक स्पीडब्रेकरला!

चौथ्या दिवशी शेजारच्या सीटवरच्या यादवजींना राहवलं नाही. "सबनीसजी, ये क्या बज रहा है?"

"डब्बा."

"खाली?"

आणि त्या गृहस्थानं सरळ डबा मांडीवर घेऊन उघडला की हो! चारही कप्पे पाहिले. लोणच्याची फोडसुद्धा नव्हती. त्यांनी डबा लावला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मानेसर येईपर्यंत तो तसाच ठेवला.

त्याच रात्री कँटीनमध्ये वाढणारे तिवारी माझ्या कानाशी आले. "साहब, भाभीजी कुछ बनाके नहीं देतीं?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण तिवारींच्या हातात पनीरनं भरलेला डाव होता. मी नुसती मान खाली घातली. त्यांनी दोन डाव जास्त वाढले. "नोटिस-वोटिस मैं देख लूँगा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी एक उसासा टाकून पाहिला, तर गुलाबजाम आले! (एका उसाशाला दोन, असा साधारण दर होता.) महिनाभरात मी इतके उसासे टाकले की तिवारींचे डोळे भरून यायला लागले. घरी मात्र आनंदीआनंद होता. आठ वर्षांची आमची इरा फर्माइशी करायला लागली होती, "पापा, कल राजमा पक्का?"

आणि एका रविवारी भर दुपारी बेल वाजली. मी बर्म्युडावर दार उघडलं. दारात गजभिये साहेब! सोबत सौ. गजभिये, हातात संत्रा बर्फीचा पुडा. आत गॅसवर कँटीनचा शनिवारचा राजमा गरम होत होता. माणसाला घरी येऊन नोकरीवरून काढतात, तेही सहकुटुंब, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सबनीस, तुम्ही बसा चूपचाप," साहेब म्हणाले. मूळचे नागपूरचे, वीस वर्षं दिल्लीत काढूनही नागपूर सुटलेलं नव्हतं. "आम्ही वहिनींशी बोलायला आलो."

सौ. गजभियेंनी मंजिरीचा हात हातात घेतला. "ताई, एवढा राग बरा नाही. माणूस बारा तास राबते, अन् तुम्ही त्याच्या हाती खाली डबा देऊन राहिल्या?"

"मी?" मंजिरी किंचाळायचीच बाकी होती.

"पुऱ्या प्लँटला माहीत आहे," साहेब म्हणाले. "तिवारी तर रडला ना माझ्यासमोर! घटस्फोटापर्यंत गेलं म्हणतात. काहून असं?"

घटस्फोट! मी उडालोच. मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर माझी नोकरी जाणार, न सांगावं तर सगळ्या मानेसरमध्ये ती कैदाशीण ठरणार. तिनं दात आवळून एक श्वास घेतला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण रोजचा स्वयंपाक करते हो मी. आता जेवूनच जा."

मी साहेबांच्या पाठीमागून दोन्ही हात हलवून नको नको केलं. उपयोग झाला नाही. तिनं ताटं मांडली. राजमा, पनीर, भात. साहेबांनी पहिला घास घेतला आणि थबकले. मग ताटातली नजर वर न करता भराभर जेवायला लागले. मी भात नुसताच कालवत राहिलो.

सौ. गजभियेंनी घास घेतला, सावकाश चावला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, हा तर तुम्ही काल रात्री आणला, तोच राजमा होय!"

साहेबांना जोरात ठसका लागला.

"आंटी," इरानं कौतुकानं विचारलं, "आपके यहाँ भी ऑफिसवाला आता है?"

पहिल्यांदा सावरली ती मंजिरी. "साहेब," ती गोड आवाजात म्हणाली, "नोटीस तुमच्याच सहीची ना?"

साहेब पाणी प्यायले. त्यांनी आमच्या किचनकडे, तिथल्या चकचकीत चिमणीकडे बराच वेळ पाहिलं. "कर्ज काढून केलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"आम्ही बी," ते म्हणाले आणि त्यांनी थोडा राजमा आणखी घेतला.

जेवणं झाली, बर्फी वाटली गेली. "माझ्या नावानं उसासे टाकत होतास?" असं मंजिरीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तेव्हा "गुलाबजाम तूही खाल्लेस" असं म्हणायची मला हिंमत झाली नाही. मी पाहुण्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेलो. सौ. गजभिये आत शिरल्यावर साहेबांनी माझा खांदा धरला.

"सबनीस, डब्याच्या एकेका कप्प्यात एक-एक नॅपकिन कोंबत जा. वाजत नाही. सहा वर्षं झाली, माझ्या ड्रायव्हरलाही अजून पत्ता नाही."

लिफ्ट खाली गेली आणि मी थक्क होऊन तिथेच उभा राहिलो. मॅनेजमेंट शिकायला मी दोन वर्षं कॉलेजात घालवली होती, तिथे हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते एमबीएही मी कर्ज काढूनच केलं होतं!